आधी भरा, मग बोला!

मध्यमवर्गीय घरातील गृहिणीला विजेच्या बिलाचा आकडा साधारणपणे पाठ असतो. किराणा, घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता, मुलांची फी, रेल्वेचा पास आणि वीज यांचा मेळ घालूनच तिला महिन्याचे गणित मांडावे लागते. हा पाठ असलेला आकडा एखाद्या महिन्यात अकस्मात दुप्पट-तिप्पट झाला, म्हणजे प्रथम घरातल्या घरात चौकशी सुरू होते. पंखा कोणी चालू ठेवला, गिझर बंद करावयास कोण विसरले, पाहुणे किती दिवस राहिले, असे प्रश्न विचारले जातात. त्यांतून काही निष्पन्न झाले नाही, म्हणजे घरातील कोणी तरी अर्ध्या दिवसाची रजा टाकून वीज कंपनीच्या कार्यालयात जातो. तेथे त्याच्या वाट्यास बहुधा एकच उत्तर येते, "आधी बिल भरा, मग तक्रार करा. मीटरने जे दाखवले आहे तेच बिलात आले आहे."

हे उत्तर इतके सर्वपरिचित झाले आहे की तोच कायदा असावा असे ग्राहकाला वाटू लागले आहे. वस्तुतः कायदा नेमका याच्या उलट आहे. वीजबिल हा विक्रेत्याने केलेला दावा असतो. तो काही न्यायालयाचा निकाल नव्हे. वाण्याने उधारीच्या वहीत भलताच आकडा मांडला, तर आपण ती वही पाहावयास मागतो, दोन ओळी तपासतो, आणि हिशेब पटल्यावरच पैसे देतो. वाणी फार तर पुढची उधारी बंद करील. विजेच्या बाबतीत मात्र माल पुरविणारा, माप घेणारा, हिशेब मांडणारा आणि पैसे न दिल्यास शिक्षा करणारा असे चारही अधिकार एकाच हाती एकवटले आहेत. आणि ती शिक्षा म्हणजे घरातील दिवा, पंखा आणि पाण्याचा पंप एकदम बंद पाडणे ही होय. एवढी सत्ता ज्याच्या हाती आहे, त्याच्या मापाविषयी शंका घेण्याचा हक्क ग्राहकाला असलाच पाहिजे. तो हक्क कायद्याने दिला आहे. दुर्दैवाने तो कायद्याच्या पुस्तकातच राहिला आहे, बिलाच्या कागदावर उतरलेला नाही.

खाडीअलीकडचे शहर

मीरा-भाईंदरचा विचार या संदर्भात मुद्दाम करण्यासारखा आहे. मिठागरे, कोळीवाडे आणि शेती यांची ही वस्ती. येथे १९८५ साली नगरपरिषद आली आणि २००२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत पाच लाखांवर असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. मुंबईत घर परवडेना म्हणून दहिसरचा नाका ओलांडून आलेल्या कुटुंबांनी हे शहर वसविले. जिल्हा ठाणे, नोकरी मुंबईत, आणि वीजही मुंबई उपनगरांना पुरविणाऱ्या कंपनीची, अशी येथील स्थिती आहे. वसईच्या खाडीपलीकडे महावितरणचा कारभार. अलीकडे मात्र १९२९ साली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय या नावाने स्थापन झालेल्या कंपनीचा वारसा. ती कंपनी पुढे रिलायन्सकडे आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेली. टाटा पॉवरलाही या भागात वितरणाचा परवाना आहे. मालक बदलले, नावे बदलली, बिलाचा रंग बदलला. बिलाविषयी शंका असलेल्या माणसाची अवस्था मात्र फारशी बदलली नाही. दुसरा पुरवठादार असल्याने भविष्यकाळातील वीज कदाचित बदलून घेता येईल, जुन्या बिलाचा वाद त्याने मिटत नाही.

या शहराच्या राहणीमुळे तो वाद अधिकच बिकट होतो. येथील बहुसंख्य घरे बहुमजली इमारतींतील लहान सदनिका आहेत. मीटर घरात नसून तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत, पन्नास-साठ मीटरांच्या रांगेत असतो. पहाटेची लोकल गाठणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या माणसाने आपला मीटर कोणता हे कधी पाहिलेलेच नसते. शेजारच्या दोन सदनिकांच्या तारांची अदलाबदल झाली असेल, जिन्यातील दिवा कोणाच्या तरी मीटरवर जोडला गेला असेल, किंवा नोंद घेणारा आला तेव्हा खोलीला कुलूप असेल, तर त्याचा पत्ता बिल फुगल्यावरच लागतो. शिवाय येथे भाड्याने राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. बिल मालकाच्या नावावर आणि पैसे भाडेकरूच्या खिशातून, अशा व्यवस्थेत तक्रार कोणी करावयाची हेच ठरत नाही. मालकाला त्याची झळ नाही, आणि भाडेकरूला आपला अधिकार नाही असे वाटते. २००३ च्या विद्युत अधिनियमाने केलेल्या 'ग्राहक' या शब्दाच्या व्याख्येत मात्र स्वतःच्या वापरासाठी ज्याला वीज पुरविली जाते तो आणि ज्याची जागा पुरवठ्याला जोडलेली आहे तो, असे दोघेही येतात. तेव्हा नाव दुसऱ्याचे आहे एवढ्यावरून भाडेकरूने गप्प बसण्याचे कारण नाही.

दोन वर्षे, एकच धडा

आपले बिल कसे फुगते हे समजून घेण्यास अलीकडच्या इतिहासातील दोन प्रसंग उपयोगी पडतात. पहिला २०१८ चा. मुंबई उपनगरांतील वीजवितरणाचे हस्तांतर होऊन दोन-तीन महिने होतात न होतात तोच, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास वाढीव बिलांच्या तक्रारींचा पाऊस पडला. कंपनीचे म्हणणे असे होते की, ऑक्टोबरच्या उकाड्यात विजेचा वापर वाढला, सप्टेंबरमध्ये दरात बदल झाला, आणि कर्मचाऱ्यांच्या आंदोलनामुळे काही ग्राहकांच्या मीटरची प्रत्यक्ष नोंद घेता न आल्याने त्यांना सरासरीची बिले द्यावी लागली. राज्य वीज नियामक आयोगाने या स्पष्टीकरणावर विसंबून न राहता कंपनीकडे जाब मागितला आणि चौकशीसाठी दोन सदस्यांची समिती नेमली. हजारो लोकांनी एकाच वेळी आरडाओरडा केला, म्हणून हे घडले. एकट्यादुकट्या ग्राहकाच्या बिलासाठी समिती नेमली जात नाही, ही गोष्ट विसरता येत नाही.

दुसरा प्रसंग २०२० चा. तो तर उभ्या महाराष्ट्राने अनुभवला. टाळेबंदीमुळे मार्च २०२० च्या अखेरीपासून मीटरच्या नोंदी बंद झाल्या. आयोगाच्या परवानगीने कंपन्यांनी मागील महिन्यांच्या सरासरीने बिले दिली. हे मागील महिने म्हणजे डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी. म्हणजे पंखाही न लावण्याच्या दिवसांवरून एप्रिल-मेच्या उकाड्याचा अंदाज बांधण्यात आला. तोही अशा वेळी, की घरातील सर्व माणसे दिवसरात्र घरातच कोंडलेली होती. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले. जूनमध्ये प्रत्यक्ष नोंदी सुरू होताच साचलेला सारा फरक एकाच बिलात उतरला आणि लोक हवालदिल झाले. कोणाची नोकरी गेली होती, कोणाचा पगार अर्धा झाला होता. जूनच्या अखेरीस आयोगाने ज्यांचे बिल सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे अशांना ते तीन हप्त्यांत भरण्याची सवलत देवविली आणि तक्रारीचे निराकरण होईपर्यंत वीज न तोडण्याविषयी कंपन्यांना बजावले. सरकारकडून काही सूट मिळेल अशी आशा काही महिने दाखविण्यात आली. नोव्हेंबरमध्ये ऊर्जामंत्र्यांनीच ती शक्य नसल्याचे सांगितले. मार्च २०२१ मध्ये विधिमंडळात महावितरणच्या ग्राहकांची वीजतोडणी थांबविल्याची घोषणा झाली, आणि अधिवेशन संपता संपता ती उठविण्यातही आली.

या साऱ्या प्रकरणातील खेदाची बाब अशी की, पुष्कळ बिले अंकगणिताच्या दृष्टीने कदाचित बरोबरही होती. तरी लोकांचा त्यांवर विश्वास बसला नाही. बसावा तरी कसा? आकडा कसा आला हे ज्या बिलातून सामान्य पदवीधरालाही उलगडत नाही, ते बिल बरोबर असले काय आणि चूक असले काय, ग्राहकाच्या दृष्टीने ते एक कोडेच असते. हिशेब खरा असणे पुरेसे नाही, तो समजला पाहिजे, हा त्या वर्षाचा धडा होता. तो कितपत घेतला गेला, हे प्रत्येकाने आपले ताजे बिल समोर ठेवून पाहावे.

रुपये नव्हेत, युनिटे पाहा

बिल जास्त आले की आपली दृष्टी शेवटच्या ओळीतील रुपयांवर खिळते. ती तेथून काढून युनिटांवर न्यावयास हवी. युनिटे नेहमीइतकीच असतील आणि रुपये वाढले असतील, तर वाद मीटरशी नाही. तो दर, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क किंवा मागील थकबाकी यांच्याशी आहे. युनिटेच वाढली असतील, तर मग पुढचा प्रश्न असा की, मागील नोंद आणि चालू नोंद प्रत्यक्ष घेतलेल्या आहेत की अंदाजाच्या? चालू नोंद आज मीटरवर दिसणाऱ्या आकड्याशी जुळते काय? मीटरचा क्रमांक आपलाच आहे काय? बिल किती दिवसांचे आहे? या चार प्रश्नांत निम्म्याहून अधिक वादांचा उगम सापडावा.

दिवसांच्या प्रश्नाचे महत्त्व थोडे उलगडून सांगितले पाहिजे, कारण फसगत होते ती येथे. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली शंभर युनिटे स्वस्त, तीनशेपर्यंतची महाग, त्यापुढील आणखी महाग. समजा, केवळ हिशेबापुरते, पहिल्या शंभर युनिटांस चार रुपये, पुढील दोनशेंस आठ रुपये आणि त्यावरील युनिटांस दहा रुपये असा दर आहे. एका कुटुंबाने महिन्याला दोनशे युनिटे वापरली, तर त्याचे महिन्याचे बाराशे आणि तीन महिन्यांचे छत्तीसशे रुपये होतात. हीच सहाशे युनिटे एकाच महिन्यात वापरली असे धरून बिल काढले, तर ते पाच हजारांवर जाते. एकही युनिट जास्त जळलेले नसताना चौदाशे रुपयांचा भुर्दंड! म्हणूनच साचलेली युनिटे ज्या त्या महिन्यांवर वाटून प्रत्येक महिन्याला टप्प्याचा लाभ दिला पाहिजे. तो दिला किंवा कसे, हे तपासण्याइतका तपशील बिलावर असतो काय? बहुधा संगणकाने केलेली बेरीज तेवढी ग्राहकाच्या हाती पडते. ती कशाची बेरीज आहे, हे शोधीत बसण्याचे काम त्याच्यावर येते.

ग्राहकानेही आपल्या बाजूने प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. जुन्या धर्तीचे दीड टनाचे वातानुकूलन यंत्र तासाला सुमारे दीड युनिट घेते. रात्रीचे आठ तास ते चालले, तर महिन्याला साडेतीनशे युनिटे त्यातच जातात. मे महिन्यात असे यंत्र नव्याने बसवावे आणि जूनमध्ये बिल पाहून कंपनीच्या नावाने खडे फोडावे, हे बरे नव्हे. घरातील मुख्य खटका बंद करून मीटरवरील लुकलुकणारा तांबडा दिवा थांबतो की नाही हे पाहणे, ही प्रत्येकाला करता येण्यासारखी पहिली परीक्षा आहे. सर्व बंद असूनही तो लुकलुकत राहिला, तर तार कोठे तरी दुसरीकडे गेली आहे किंवा मीटरमध्ये दोष आहे, असा संशय घेण्यास जागा आहे. अशा वेळी आपल्या इमारतीच्या तारतंत्र्याला घेऊन मीटरच्या खोलीत एकदा जाऊन यावे. दोष आपल्याच तारांत सापडला, तर कंपनीकडे खेपा घालण्याचे श्रम वाचतात. न सापडला, तर आपली तक्रार ठाम पायावर उभी राहते.

कायदा कोणाच्या बाजूचा?

आता कायद्याकडे वळू. १९१० च्या भारतीय विद्युत कायद्यातही मीटरच्या वादाची दखल होती. मीटर बरोबर आहे की नाही याचा निर्णय सरकारी विद्युत निरीक्षकाने द्यावयाचा, आणि वाद त्याच्याकडे रीतसर गेलेला असेल तर निर्णय होईपर्यंत वीज तोडावयाची नाही, असे ते तत्त्व होते. परकीय राजवटीने केलेल्या कायद्यालाही एवढे समजत होते की, तराजू ज्याचा त्यालाच न्यायाधीश करता कामा नये.

२००३ च्या अधिनियमाने हेच तत्त्व अधिक स्पष्ट शब्दांत मांडले आहे. त्याच्या ५६ व्या कलमानुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमाच्या परंतुकात ग्राहकाचे खरे संरक्षण आहे. मागितलेली सर्व रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या आकाराच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ग्राहकाने हरकत नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत त्याची वीज तोडता येत नाही. म्हणजे दरमहा बाराशे रुपये भरणाऱ्या कुटुंबाला नऊ हजारांचे बिल आले, तर बाराशे रुपये भरून आणि आपली हरकत लेखी देऊन त्याला सन्मानाने वाद घालता येतो. "आधी भरा, मग बोला" हे खिडकीवरील सूत्र आणि "सरासरीइतके भरा आणि बोला" हे कायद्याचे सूत्र, यांतील अंतर ग्राहकाला कोणी सांगत नाही. ते आपण होऊन सांगावे, अशी कंपनीची इच्छा असेल असे मानण्यासही जागा नाही.

याच कलमानुसार, रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षे उलटली आणि ती बिलांत थकबाकी म्हणून सातत्याने दाखविलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही. मात्र येथे ग्राहकाने सावध राहावे. फेब्रुवारी २०२० मधील एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे की, रक्कम देय होते ती बिल दिल्यावर. त्यामुळे जुनी चूक उशिरा सापडल्यास कंपनी वाढीव मागणी करू शकते, तिला मुदतीनंतर वीज तोडण्याचे हत्यार तेवढे वापरता येत नाही. तेव्हा 'दोन वर्षे झाली, आता काही होत नाही' असे समजून कोणी निर्धास्त राहू नये.

मीटर सदोष ठरला तर दुरुस्ती किती मागे जाऊन करावयाची, यालाही आयोगाच्या वीजपुरवठा संहितेने मर्यादा घातली आहे. साधारणपणे वाद उपस्थित झाला त्या महिन्यापूर्वीचे तीन महिने. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये केलेल्या वीजग्राहक हक्क नियमांत अंदाजाच्या बिलांनाही वेसण आहे. एका आर्थिक वर्षात अशी दोनांहून अधिक बिले देऊ नयेत, आणि असाधारण परिस्थिती नसताना तीच रीत पुढे चालू राहिली, तर प्रत्यक्ष नोंदीचे बिल येईपर्यंत ग्राहकाने पैसे देण्यास नकार द्यावा, अशी मुभा तेथे आहे. मीटरच्या तक्रारीनंतर तीस दिवसांत त्याची चाचणी व्हावयास हवी. फेब्रुवारी २०२४ मधील दुरुस्तीने तर एक पाऊल पुढे टाकले आहे. नोंद वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली, तर पाच दिवसांत दुसरा मीटर शेजारी बसवून किमान तीन महिने दोहोंची तुलना करावयाची. एका मापाची सत्यता दुसऱ्या मापाने पाहण्याची ही साधी रीत बाजारातल्या कोणाही बाईला ठाऊक आहे. ती नियमांत यावयास २०२४ साल उजाडावे लागले!

कार्यालयात दाद न लागल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तो कंपनीनेच आयोगाच्या नियमांनुसार स्थापावयाचा असतो. त्यात कंपनीचा माणूस असतो, तसा ग्राहकांचा प्रतिनिधीही असतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे जावे लागते. वकील लावण्याची गरज नसते. मंचाचा निर्णय मान्य नसेल, तर साठ दिवसांत आयोगाने नेमलेल्या विद्युत लोकपालाकडे मुंबईत अर्ज करता येतो. हा मार्ग वीजचोरीच्या किंवा अनधिकृत वापराच्या आरोपाखाली आलेल्या आकारणीला मात्र खुला नाही. १२६ व्या कलमाखालील आकारणीविरुद्ध तीस दिवसांत, निम्मी रक्कम भरून, वेगळे अपील करावे लागते. म्हणून हाती आलेला कागद साधे बिल आहे की अशी आकारणी आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. येथे चूक झाली, तर चुकीच्या दारात उभे राहून मुदत निघून जाते.

दुसरी बाजू

वितरण कंपन्यांचीही एक बाजू आहे, आणि ती टाळून पुढे जाणे न्यायाचे होणार नाही. लाखो मीटरांतून काही थोड्यांत दोष निघणारच. पुष्कळ तक्रारी तपासाअंती निराधार ठरतात. प्रत्येक तक्रारीबरोबर पैसे अडकू लागले, तर वीज विकत घेणारी कंपनी तिचे पैसे कोठून देणार? एकाने न भरलेली रक्कम अखेर दुसऱ्या प्रामाणिक ग्राहकाच्या दरात येते. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु कायद्याने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. तक्रारदाराने काहीच भरू नये असे कोणी म्हणत नाही. त्याने आपल्या सहा महिन्यांच्या सवयीइतके भरावयाचे आहे. दावा खरा ठरला, तर उरलेली रक्कम कंपनीला मिळतेच. याउलट, चुकीचे बिल सक्तीने भरून घेतले आणि महिन्यांनी ते पुढील बिलांत जमा करून परत दिले, तर मधल्या काळात ज्या घरातील औषध थांबले किंवा मुलाची फी राहिली, त्या घराची भरपाई कोण करणार? दोन्ही पक्षांपैकी एकाला काही काळ तोटा सोसावयाचा असेल, तर तो ज्याला सोसतो त्याने सोसावा, हाच न्याय.

आता नव्या स्मार्ट मीटरांमुळे हे सारे प्रश्न आपोआप सुटतील, असे सांगण्यात येते. माणसाने नोंद घेण्याची गरज उरणार नाही, त्यामुळे अंदाजाची बिले थांबतील, हे खरे. तथापि अशा मीटरांविषयी राज्यात इतका अविश्वास उसळला की, सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर बसविले जाणार नाहीत, असे जून २०२४ मध्ये राज्य सरकारला जाहीर करावे लागले. या अविश्वासाचे मूळ यंत्रात नव्हते. ते जुन्या मीटरच्या काळात खिडकीवर मिळालेल्या वागणुकीत होते. यंत्र कितीही हुशार असले, तरी 'मीटर खोटे बोलत नाही' या एका वाक्यावर ग्राहकाला परत पाठविण्याची सवय कायम राहिली, तर नव्या मीटरवरही जुनीच भांडणे होतील. पूर्वी निदान घरातल्या कोणाच्या तरी ओळखीचा नोंद घेणारा होता. उद्या तोही नसेल.

करावयाचे काय?

या दुखण्यावर मोठ्या योजनांची किंवा नव्या कायद्याची आवश्यकता नाही. आहे तो कायदा ग्राहकाच्या डोळ्यांसमोर आणणे एवढेच पुरे आहे. पहिली गोष्ट म्हणजे, प्रत्येक बिलाच्या दर्शनी भागावर ठळक मराठीत असे छापले जावे की, हे बिल मान्य नसल्यास मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम हरकत नोंदवून भरता येते आणि निर्णय होईपर्यंत वीज तोडली जाणार नाही. आणि ती रक्कम किती, हेही त्याच ठिकाणी आकड्यात द्यावे. संगणकाला ही बेरीज अवघड नाही. दुसरी गोष्ट, बिल नेहमीच्या दुपटीहून अधिक येत असेल, तर ते पाठविण्यापूर्वीच कंपनीने मीटर पाहून यावे. अवास्तव आकडा ग्राहकाला दिसतो, तर तो कंपनीच्या संगणकाला का दिसू नये? तिसरी गोष्ट, साचलेल्या युनिटांचे बिल देताना महिनावार वाटणीचा तक्ता सोबत असलाच पाहिजे. आणि चौथी, मीरा-भाईंदरसारख्या शहरात असा एक तरी अधिकारी असावा, की ज्याला बिल दुरुस्त करण्याचा अधिकार आहे. खिडकीवरच्या कारकुनाशी भांडून उपयोग नाही. त्याच्या हाती स्वीकारण्याशिवाय काही नसते.

हे करवून घेण्याचा अधिकार आयोगाचा आहे. पण आयोगापर्यंत आवाज पोहोचविण्याचे काम लोकांचे. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी ग्राहक हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुजविला, तो एकेकट्या तक्रारींच्या बळावर नव्हे. येथील गृहनिर्माण संस्थांना दरवर्षी वार्षिक सभा घ्यावी लागते. रंगकाम, वाहनतळ आणि पाण्याची टाकी यांवर जेथे तासन् तास वाद होतात, त्या सभेत मीटरच्या खोलीसाठीही अर्धा तास काढावा. कोणता मीटर कोणाचा याची यादी भिंतीवर लावावी, महिन्याच्या ठरावीक दिवशी सर्व नोंदी एका वहीत उतरून घ्याव्यात. अशी साठ घरांची एक वही हातात असलेल्या संस्थेला 'आधी भरा, मग बोला' असे सांगण्याचे धाडस कोणताही कारकून करणार नाही.

काळोखाची धमकी ही साधी धमकी नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसलेले मूल, श्वासाच्या यंत्रावर असलेला म्हातारा, सहाव्या मजल्यावर पाण्याची वाट पाहणारी बाई यांना तिचा अर्थ ठाऊक असतो. म्हणूनच भलते बिल आले तरी पुष्कळ लोक निमूटपणे कर्ज काढून ते भरतात आणि मग आयुष्यभर कंपनीला शिव्या देतात. हे निमूटपणे भरणे आणि त्या शिव्या, दोन्ही निरुपयोगी आहेत. वापरलेल्या विजेचे पैसे शेवटच्या पैशापर्यंत द्यावेत. न वापरलेल्या विजेचा एक पैसाही हिशेब पाहिल्याशिवाय देऊ नये. पुढल्या वेळी खिडकीतून तेच वाक्य ऐकू आले, तर ग्राहकाने शांतपणे ५६ वे कलम दाखवावे, सरासरीची रक्कम पुढे करावी, लेखी हरकतीवर पोच मागावी आणि म्हणावे, "भरतो आहे, आणि बोलतोही आहे."